कार्ड ‘फॉरमॅट करा’ म्हणते तेव्हा

मेमरी कार्डावरून ‘फोटो उडाले’ असे धंद्यात म्हणतात, पण बहुतेक वेळा उडालेला असतो तो फोटोचा पत्ता. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर सहसा फॅट३२ आणि त्याहून मोठ्या कार्डावर एक्सफॅट ही मांडणी असते. दोन्हींत फोटो एका जागी आणि तो कुठून कुठवर पसरला आहे याची नोंद दुसऱ्या जागी असते. सातबाऱ्याचा कागद फाटला म्हणून रान जागचे हलत नाही, तसाच हा प्रकार. फॅट३२मध्ये फाइल डिलीट केली की नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ई५ हा बाइट लिहिला जातो आणि तुकड्यांची साखळी कोरी होते. एक्सफॅटमध्ये नोंदीवर ‘वापरात नाही’ एवढीच खूण पडते. कॅमेऱ्यातला साधा फॉरमॅटही नोंदवहीच नवी करतो. ६४ जीबीचे कार्ड दोन सेकंदांत रिकामे होते, याचाच अर्थ ते रिकामे झालेले नसते. अपवाद दोन. काही कॅमेऱ्यांतला ‘लो लेव्हल फॉरमॅट’ आणि विंडोजमध्ये ‘क्विक’ची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट. विंडोज व्हिस्टापासून हा पूर्ण फॉरमॅट कार्डभर शून्ये लिहितो आणि त्यानंतर शोधायला काही उरत नाही.

म्हणून फोटो खरा मरतो तो नोंद पुसल्यावर पुन्हा काढलेल्या फोटोखाली. धाराशिव जिल्ह्यात कामाची गर्दी दोन वेळा होते, लग्नसराईत आणि तुळजापूरच्या नवरात्रात. दोन्हीकडे पुन्हा संधी नसते. अंतरपाट एकदाच दूर होतो आणि त्या रात्रीचा छबिना त्याच रात्री निघतो. चुकून फॉरमॅट झालेले कार्ड अशा वेळी हातात आले की ‘आधी समोरचे काम उरकू, मग बघू’ म्हणून त्याच कार्डावर पुढचे शूटिंग होते. हळदीचे फोटो त्या क्षणी परत मिळण्यासारखे असतात, वरात संपेपर्यंत ते मिळण्यासारखे राहत नाहीत. कार्ड ताबडतोब काढावे, एसडी असेल तर बाजूची लॉकची खिट्टी खाली करावी, त्यावर पेनाने खूण करावी आणि दुसरे कार्ड घालावे. मायक्रोएसडीला खिट्टी नसते, त्यामुळे ते वेगळ्या डबीतच गेलेले बरे.

दुसरा घात स्टुडिओतल्या संगणकावर होतो. कार्ड लावताच विंडोज ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असे सुचवते किंवा ‘स्कॅन अँड फिक्स’ची पाटी दाखवते. पहिल्या पाटीला नकार द्यायचा हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. दुसरी मात्र मदतीची वाटते आणि तीच फसवते. ती चालवते ते ‘चेकडिस्क’ फोटो वाचवण्यासाठी बनलेले नाही. कार्डाची नोंदवही सुसंगत करणे एवढेच त्याचे काम. जे तुकडे हिशेबात बसत नाहीत, त्यांना ते ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात सीएचके फाइली करून टाकते, आणि हे सगळे त्याच कार्डावर लिहिते. कारकुनाने वही जुळवायला नको ती पाने फाडावीत तसे हे होते.

शहाणपणाचा क्रम असा की आधी कार्डाची जशीच्या तशी नक्कल घ्यायची आणि पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे. नक्कल म्हणजे फोटो निवडून कॉपी करणे नव्हे. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत कार्डाची एक मोठी फाइल बनवायची असते, तिला इमेज म्हणतात. कार्ड धड असेल तर त्यासाठी कोणतेही साधन चालते. कार्ड मध्येच अडकत असेल तर जीएनयूचे ‘डीडीरेस्क्यू’ हे फुकट साधन लिनक्सवर वापरावे. ते अडलेल्या जागी रेंगाळत नाही. आधी सहज वाचता येणारे सगळे उचलते, कोणती जागा वाचली आणि कोणती राहिली हे वेगळ्या फाइलीत टिपते आणि मग राहिलेल्या जागांवर पुन्हा फिरते. वीज गेली तरी त्या टिपणावरून काम पुढे चालू होते. भारनियमनाच्या भागात हा गुण लहान नाही.

इमेज हाती आली की नोंदवहीच्या आधारे फाइली शोधाव्यात. त्या मिळाल्या तर नाव, तारीख, फोल्डर सगळे जागेवर येते. वहीच नष्ट झाली असेल तर खोदकाम करावे लागते. क्रिस्टोफ ग्रेनिए यांचे ‘फोटोरेक’ याच कामाचे आहे, तेही फुकट. ते नोंदवहीकडे पाहतच नाही. जेपेगची प्रत्येक फाइल एफएफ डी८ या दोन बाइटांनी सुरू होते आणि एफएफ डी९ने संपते. रॉ फाइलींच्याही अशाच ठरलेल्या खुणा आहेत. त्या खुणा शोधत फोटोरेक सेक्टर न् सेक्टर चाळते. तेरच्या पांढरीच्या टेकाडातून खापरे निघावीत तसे फोटो निघतात, म्हणजे वस्तू मिळते पण तिच्यावर नाव नसते. ‘डीएससी’ किंवा ‘आयएमजी’ने सुरू होणारे मूळ नाव जाते आणि ‘एफ’नंतर लांबलचक आकडा येतो. हजारो फाइलींच्या त्या ढिगात लघुचित्रेही मिसळलेली असतात. ढीग हाताने लावत बसण्याचे कारण नाही. फिल हार्वे यांचे ‘एक्झिफटूल’ फोटोच्या पोटातली काढल्याची वेळ वाचून एका आज्ञेत सर्वांना नवी नावे देते. फक्त कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असावे लागते. दोन कॅमेऱ्यांची घड्याळे न जुळवता लग्नाचे शूटिंग करणाऱ्याला मुहूर्त आणि जेवणावळ एकमेकांत मिसळलेले मिळतात.

खोदकामाची मर्यादा एकच, पण मोठी. फाइल सलग असेल तर ती अखंड मिळते. कार्डावरचे मधले मधले फोटो कॅमेऱ्यातच डिलीट करत जागा केली असेल तर नंतरच्या फाइली त्या भोकांत तुकड्यांनी बसतात. खुणेपासून सरळ वाचत जाणाऱ्या साधनाला दुसरा तुकडा कुठे गेला ते कळत नाही. कॅमेऱ्यात निवडून डिलीट करण्याची सवय याच कारणासाठी सोडावी.

फाइल मिळाली पण उघडत नाही किंवा अर्धीच दिसते, हा निराळा आजार आहे आणि त्याचे निदान डोळ्यांनी होते. जेपेगमध्ये चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन असतात. प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड स्वतंत्र लिहिलेला नसतो, मागच्या चौकोनापेक्षा तो किती बदलला एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे एका जागी चूक झाली की ती पुढे पुढे वाहत जाते. वरचा भाग नीट, मग एक आडवी रेघ, आणि तिच्याखाली तोच फोटो गुलाबी किंवा हिरवट होऊन थोडा बाजूला सरकलेला दिसतो. अशा फोटोत माहिती जवळपास सगळी असते. दुरुस्तीच्या साधनात बिघडलेला चौकोन काढून पुढच्यांचा रंग जुळवला तर तो परत उभा राहतो. खालचा भाग सपाट करडा दिसत असेल तर माहिती तिथे संपली आहे. खाली दुसऱ्याच लग्नातला मंडप दिसत असेल तर तुकडा चुकला आहे. आणि फोटो मुळीच उघडत नसेल तर अनेकदा दोष सुरुवातीच्या थोड्याशा भागात असतो, चित्र शाबूत असते.

या शेवटच्या प्रकारात उसने डोके लावता येते. त्याच कॅमेऱ्याने, त्याच रिझोल्यूशनवर आणि त्याच दर्जावर काढलेल्या चांगल्या फोटोचे शीर्षक, म्हणजे हा सुरुवातीचा भाग, कापून बिघडलेल्या फाइलीला जोडायचे. उलगडण्याची कोष्टके त्या शीर्षकात असतात, म्हणून कॅमेरा आणि सेटिंग तेच लागते. उभ्या-आडव्याची खूण उसन्या फोटोची येते, ती नंतर फिरवून घ्यावी. हा उपाय एका ओळखीच्या संकटावरही चालतो. फुकटात उतरवलेल्या ‘क्रॅक’ फोटोशॉपबरोबर येणाऱ्या खंडणीखोर व्हायरसांत ‘स्टॉप’ उर्फ ‘डीजेव्हीयू’ हे कुटुंब कुप्रसिद्ध आहे. घाईत हजारो फाइली कुलूपबंद करायच्या म्हणून ते प्रत्येक फाइलीचे पहिले सुमारे १५० केबीच बिघडवते. १० एमबीच्या जेपेगमध्ये त्याने वरची एक पट्टी जाते आणि नवरा-नवरी वाचतात. सगळे व्हायरस इतके आळशी नसतात, हे सांगायला नकोच.

रॉवर काम करणाऱ्यांना आणखी एक आधार आहे. एनईएफ, सीआर३, एआरडब्ल्यू या फाइलींच्या पोटात कॅमेऱ्याने मागच्या पडद्यावर दाखवण्यासाठी बनवलेले जेपेग असते आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत ते पूर्ण आकाराचे असते. रॉ उघडली नाही तरी एक्झिफटूलने ते बाहेर काढता येते. अल्बमाच्या पानाला तेवढे पुरते.

फाइलीचा आकार बरोबर आहे, नाव बरोबर आहे, पण हेक्स दर्शकात उघडली तर आत नुसती शून्ये, असे दिसले की दुरुस्तीचा प्रयत्न तिथेच थांबवावा. कोणतेही सॉफ्टवेअर शून्यांतून चेहरा काढत नाही. काढल्यासारखे दाखवणारी एआय साधने आता आली आहेत. ती चेहरा परत आणत नाहीत, नवा रचतात, आणि घरच्यांना तो लगेच परका वाटतो. शून्यांचे कारण पुष्कळदा बनावट कार्ड असते. १२८ जीबी छापलेले कार्ड आत ८ जीबीचेच निघते. भरलेल्या जागेपुढे लिहिलेले ते मुकाट्याने स्वीकारते आणि फेकून देते. कॅमेऱ्यावर सगळे नीट दिसते, संगणकावर गेल्यावर पहिले काही शे फोटो सोडून बाकी कोरे.

व्हिडिओत बॅटरी अचानक गेली तर एमपी४ फाइल उघडत नाही. तिची अनुक्रमणिका, म्हणजे ‘मूव’ हा भाग, बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितात. ‘अनट्रंक’ हे फुकट साधन त्याच कॅमेऱ्याच्या चांगल्या क्लिपवरून ती पुन्हा रचते.

आतापर्यंतचे सगळे कार्डाबद्दल झाले. संगणकातल्या एसएसडीला यातले थोडेच लागू पडते. फाइल डिलीट होताच संगणक ‘ट्रिम’चा हुकूम देतो आणि एसएसडी ती जागा खरोखर साफ करते. फोनचे त्याहून कठीण. अँड्रॉइड १०पासून नव्या फोनांत माहिती कुलूपबंदच असते, किल्ली गेली की उरलेले बाइट निरर्थक. तिथे खरा आधार कचरापेटीचा. आयफोनमध्ये ३० दिवस, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोंना ६० आणि न झालेल्यांना ३० दिवस. ही मुदत संपल्यावरही फोनमधून फोटो काढून देतो म्हणणारा बहुधा फक्त पैसे काढतो.

हार्डडिस्क टकटक आवाज करू लागली तर वीज बंद करावी. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा आत दव धरवतो, आणि डिस्क उघडून पाहणे म्हणजे तबकडीवर धूळ बसवणे. सॉफ्टवेअरचे काम तिथे संपते, पुढचे काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचे.

सप्टेंबर २०२५मध्ये धाराशिव जिल्ह्याला आणखी एका प्रकाराला तोंड द्यावे लागले. अतिवृष्टीने परंडा आणि भूम तालुक्यांत हाहाकार झाला, सीनेच्या पुराने गावे वेढली, माणसे सोडवायला हेलिकॉप्टर आणावे लागले. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती, म्हणजे कॅमेरे बाहेर काढण्याचेच दिवस. गढूळ पाण्यातून निघालेली कार्डे आणि डिस्का यांना एकच औषध चालत नाही. कार्डात हलणारे काही नसते. ते स्वच्छ, शक्य तर डिस्टिल्ड पाण्याने धुवावे, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावे आणि दोन-तीन दिवस सावलीत वाळवावे. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने पिठूळ धूळ तेवढी संपर्कपट्ट्यांवर बसते. हार्डडिस्कचे उलटे. तिला बाहेर हवा घेणारे बारीक छिद्र असते, त्यातून गाळ आत जातो आणि वाळला की तबकडीला घट्ट चिकटतो. म्हणून ती वाळवू नये, चालू तर मुळीच करू नये. ओलसर फडक्यात गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेकडे लवकर पाठवावी.

बाहेर पाठवताना दोन गोष्टी कागदावर हव्यात. कार्डात दुसऱ्याच्या घरच्या लेकीसुनांचे फोटो असतात, तेव्हा प्रती ठेवणार नाही असे लेखी घ्यावे. आणि कार्डात पंचनाम्याचे फोटो असतील तर मूळ कार्डाला हात न लावता ते तसेच जपावे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालील प्रमाणपत्रात फाइलीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. परत मिळवलेल्या फाइलीचे नाव बदललेले असू शकते. हॅश मात्र नावावर नव्हे, आतल्या बाइटांवर ठरतो, त्यामुळे केवळ नावामुळे तो बिघडत नाही. एखादा फोटो दुरुस्त करून दिला असेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते.

हे सगळे करण्यापूर्वी फोटोची दुसरी प्रत कुठे असू शकते हे अर्धा तास बसून आठवावे. अल्बम छापणाऱ्या लॅबकडे पाठवलेली पाने, लाइटरूमचे प्रीव्ह्यू, कॅमेऱ्यातले दुसरे कार्ड, ग्राहकाला दिलेला पेनड्राइव्ह. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेलेली प्रत लहान झालेली असते, डॉक्युमेंट म्हणून गेलेली मूळ आकाराची. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१चा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकारानेच रूढ केला. तालुक्याच्या गावात त्याचा अर्थ साधा आहे. एक डिस्क स्टुडिओत, एक घरी, आणि अल्बम हाती पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट न करता बाजूला. कार्डे दोनाऐवजी सहा घ्यावी लागतात, एवढाच खर्च.

ज्या कार्डाने एकदा फोटो गमावले ते सुधारले असे वाटले तरी कामावर नेऊ नये. नवे कार्ड आणल्यावर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ने पूर्ण भरून आणि परत वाचून तपासावे. १२८ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून ठेवले की सकाळी निकाल दिसतो.