चुंबकाचं मशीन आणि हवालदाराची पोर



रांचीला पोस्टिंग आल्याचं कळलं तेव्हा गावी पारावर हशा पिकला होता. आपल्याकडे ठाणे-येरवडा म्हटल्यावर लोक जे समजतात, तेच हिंदी मुलखात रांची म्हटल्यावर समजतात. कारण इथलं कांके. तिथं मानसिक आजारांची दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. त्यातलं एक इंग्रजांनी १९१८ साली गोऱ्यांसाठी उघडलं होतं. दीपाटोळीच्या छावणीतून कांके फार लांब नाही, पण आमच्या युनिटमध्ये त्या नावाचा विनोद सोडून दुसरा उपयोग कुणी करत नव्हतं. मीही नाही.

मार्चमधली गोष्ट. रोलकॉल झाल्यावर एक हवालदार माझ्यामागे घुटमळत राहिला. सातारा जिल्ह्यातला गडी, लाइन टाकायला सगळ्यांत पुढे, बोलायला सगळ्यांत मागे. (ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत.) म्हणाला, "साहेब, फंडातनं नव्वद हजार काढायचेत. अर्ज बघता का?"

"घर बांधतोयस?"

"न्हाई. पोरीच्या डोक्याला चुंबक लावायचंय."

पोर सतरा वर्षांची, बारावीला. दिवाळीपासून कॉलेज बंद, ताट अर्ध्यावर, रात्री टक्क जागी आणि दिवसभर अंथरुणात. आधी देवऋषी झाला. मग कुणीतरी शहरातल्या एका खासगी दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथं पहिल्याच भेटीत, वीस मिनिटांत, तीस बैठकांचं पॅकेज हातात दिलं. गोळ्या नकोत, त्रास नाही, शंभर टक्के गुण. "तुम्ही सिग्नलचे टेक्निकल माणूस. तुम्हीच सांगा, मशीन खरं का खोटं?"

मशीनचं नंतर बघू म्हटलं, आधी पोर काय बोलते ते सांग. तो जरा वेळ बुटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, दोनदा आईला म्हणाली की मी नसले तर बरं होईल.

एवढं ऐकल्यावर चुंबक, फंड, अर्ज सगळं बाजूला. त्याच रात्री त्याच्या घरी फोन लावला. शेतात फवारायचं औषध घरात होतं, ते उचलून चुलत्याच्या घरी कुलपात टाकायला लावलं. पोरीला एकटी सोडायची नाही, आणि सरकारची टेलि-मानस म्हणून फोनसेवा आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालते, मराठीत बोलतात, तिथं आईनं आत्ताच्या आत्ता बोलायचं. वाचणाऱ्यांनीही हा नंबर कुठंतरी लिहून ठेवावा.

आता मशीन. ते खोटं नाही, हे आधी सांगतो. नाव लांबलचक आहे, ट्रान्सक्रॅनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, सगळे टीएमएस म्हणतात. आत जे आहे ते सिग्नलच्या कोणत्याही जवानाला ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यांत शिकवतात: बदलतं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या वाहकात विजेचा प्रवाह उभा करतं. फॅरडेनं हे १८३१ साली दाखवलं. इथं वाहक म्हणजे आपला मेंदू. तारेचं वेटोळं डोक्याला टेकवतात, त्यातून हजारो अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळ सोडतात, टाळूखाली दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतच्या पेशी जाग्या होतात. इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर यांनी १९८५ साली असं वेटोळं माणसाच्या डोक्यावर धरलं आणि त्याचा हात हलला. आजही डॉक्टर पहिल्या दिवशी तेच करतात. जोर वाढवत नेतात आणि अंगठा कोणत्या जोराला हलतो ते पाहतात. त्यावरून त्या रुग्णाची मात्रा ठरते. मग वेटोळं कपाळाच्या डाव्या बाजूला सरकवतात. डिप्रेशनमध्ये तो भाग मंदावलेला असतो, असं मानतात.

क्षेत्राची ताकद दीड-दोन टेस्ला, म्हणजे एमआरआयच्या तोडीची. गावोगावी साखळीनं खपवतात त्या चुंबकाच्या गाद्या आणि पट्टे यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ज्यांनी त्या घेतल्यात (आमच्या घरीही एक आहे) त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

हा शॉकही नव्हे. भूल नाही, झटका नाही. खुर्चीत बसायचं, कानात बोळे घालायचे, टक-टक-टक आवाज. नंतर डोकं दुखतं. फिट येण्याचा धोका अगदी थोडा, पण आहे. आणि डोक्यात धातू असेल तर बहुतेक वेळा हे करताच येत नाही. आपल्यातले काही जण कपाळात छर्रा घेऊन पेन्शन खात आहेत, त्यांनी खुर्चीत बसण्याआधी तोंड उघडावं.

मोठ्या माणसांसाठी अमेरिकेच्या एफडीएनं २००८ मध्ये याला परवानगी दिली, तीही गोळ्यांनी गुण न आलेल्यांसाठी. आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे, एकेक बैठक साडेसदतीस मिनिटांची. पुढे २०१८ मध्ये चारशेहून जास्त रुग्णांवर कॅनडात चाचणी झाली आणि तीन मिनिटांची नवी पद्धतही तितकीच चालते असं दिसलं. म्हणजे मोठ्यांच्या बाबतीत पाया बरा पक्का आहे.

पोरांच्या बाबतीत तसं नाही. २०२१ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. बारा ते एकवीस वयाची, गोळ्यांनी गुण न आलेली १०३ मुलं. निम्म्यांना खरं यंत्र, निम्म्यांना नुसता आवाज करणारं नकली. कुणाला कोणतं, ते मुलांनाही माहीत नाही. सहा आठवड्यांनी खऱ्या यंत्राच्या गटात ४१.७ टक्के मुलं चांगली सुधारली. नकलीच्या गटात ३६.४. एवढ्याशा फरकावर यंत्र जिंकलं असं म्हणता येत नाही. तरी मार्च २०२४ मध्ये एफडीएनं पंधरा ते एकवीस वयासाठी एका कंपनीच्या यंत्राला मंजुरी दिली, ती प्रत्यक्ष उपचार घेतलेल्या मुलांच्या नोंदी पाहून, आणि इतर उपचारांच्या जोडीला म्हणून. गोळ्यांऐवजी म्हणून नव्हे. आमच्या हवालदाराला जाहिरातीतली मंजुरी सांगितली होती, "जोडीला" हा शब्द सांगितला नव्हता.

मी या नकली गटावर बरेच दिवस विचार करतोय. त्या मुलांच्या डोक्यात काहीच गेलं नाही. मग तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलं सुधारली कशानं? काहींचा आजार आपसूक उतरला असेल, काहींना आशेनं उचललं असेल. पण हेही बघा, दीड महिना रोज ठरल्या वेळेला उठायचं, अंघोळ करायची, घरातल्या कुणीतरी सोबत जायचं, तिथं कुणीतरी नाव घेऊन विचारायचं की काल झोप लागली का. अंथरुणातून न उठणाऱ्या पोराला ही दिनचर्या म्हणजे थोडं औषधच की. फौजेला हे वेगळं सांगायला नको. पिछाडीला आलेल्या थकल्या जवानाला पहिल्यांदा काय देतात? वेळेवर चहा, वेळेवर फॉल-इन.

"म्हणजे नुसती थोतांडगिरी" असं म्हणायलाही मी तयार नाही. ज्या पोराला दोन प्रकारच्या गोळ्या पुऱ्या मात्रेत, पुरेसे आठवडे देऊन झाल्या, बोलण्याचे उपचार झाले, आणि तरी काही नाही, त्याच्या आईबापाला हे दार हवं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अल्पवयीनांना शॉक द्यायचा तर पालकांची संमती आणि मंडळाची आगाऊ परवानगी लागते. त्या कलमात चुंबकाचा उल्लेख नाही. म्हणजे इथं दारावरचा संतरी बापच. आणि आपल्यातले बहुतेक बाप दोन हजार किलोमीटरवर ड्यूटीला.

माझा राग आहे तो क्रमावर. २००४ मध्ये अमेरिकेत ४३९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत फ्लुओक्सेटिनची गोळी आणि समुपदेशन मिळून ७१ टक्के मुलांना बारा आठवड्यांत गुण आला होता. नकली गोळीनं ३५. गोळी जुनी, स्वस्त, तालुक्याच्या गावी मिळणारी. तरुणांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात अशी तिच्यावर सूचना असते, म्हणून पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. ते लक्ष ठेवायला घरी माणूस लागतो. नव्वद हजार देऊन माणसाच्या जागी मशीन बसवता येईल, असं त्या दवाखान्यानं या बापाला न बोलता पटवलं होतं. तो फसला कारण त्याच्याकडे फंड होता आणि सुट्टी नव्हती.

सुट्टीचं मी आणि सीनियर जेसीओ साहेबांनी मिळून बघितलं. सीओ साहेबांसमोर तो उभा राहिला तेव्हा "घरगुती अडचण" म्हणणार होता. आदल्या रात्री त्याला घोकून घेतलं, "सर, मुलगी आजारी आहे, डिप्रेशन आहे." त्यानं तसं सांगितलं. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, कधी निघायचंय. चाळीस दिवस मिळाले.

पोरीला सैनिकी रुग्णालयात दाखवलं. तिथल्या मॅडमनी गोळ्या सुरू केल्या, आठवड्याला एकदा बोलायला बोलावलं. बाप रोज सकाळी तिला घेऊन कालव्यापर्यंत चालायला जायचा. पहिले पंधरा दिवस ती एक शब्द बोलली नाही आणि हाही बोलका नव्हे, म्हणजे चालणं कसं झालं असेल त्याची कल्पना करा. तिसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, "पप्पा, तुमच्या रांचीला थंडी असते का?"

तो परत येऊन दोन महिने झाले. पोर अजून पूर्ण बरी नाही. ताट पुरं होतं, परीक्षा पुढच्या वर्षी. मॅडम म्हणाल्यात, चार महिन्यांनी बघू, तेव्हा गरज वाटली तर त्या स्वतः टीएमएससाठी पाठवतील. फंडातले नव्वद हजार अजून तसेच आहेत, त्यासाठीच राखलेत. तशी वेळ आली तर पहिल्या दिवशी मीही सुट्टी टाकून जाणार आहे. अंगठा कोणत्या जोराला हलतो ते मला बघायचंय, आणि हवालदाराला तिथं एकटं बसायला नको.

जय हिंद.