हातालाही शिकू द्या!



परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखविला. पोटाला चिमटा घेऊन आपण मुलांना शाळेत घातले. गणित-इंग्रजीच्या शिकवणीला पैसे मोजतो. परंतु सहावी-सातवीतले पोर कात्री, पुठ्ठा आणि माती घेऊन बसले की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. कारध्यात सुटीच्या दिवशी आम्ही मुलांना हस्तकलेसाठी बसवितो, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, "चिखलच तुडवायचा होता तं शाळेत कायले धाडलो पोराले?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे दुःख आहे. जातीने आपल्या हाती जे काम दिले, त्यात ना मान होता ना दाम. म्हणून हाताच्या कामाची धास्ती वाटते. ती धास्ती खोटीही नव्हे. मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापाचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. म्हणजे चांभाराच्या पोराने चामडेच शिवावे! पेरियार आणि त्यांच्या अनुयायांनी कडाडून विरोध केला व १९५४ साली ती योजना गुंडाळावी लागली.

मग आम्ही मुलांच्या हाती माती का देतो? फरक नीट समजून घ्या. तिथे काम जन्मावरून ठरत होते. इथे कुणाचेही मूल असो, सर्वांनी सर्व कामे करायची. मुलाने सुई-दोरा धरायचा, मुलीने करवत धरायची. कचरा सर्वांनी मिळून झाडायचा. शाळेत एकाच्या हाती ब्रश आणि आपल्या लेकराच्या हाती रोज झाडू येत असेल, तर पालकांनी गुरुजींना जाब विचारलाच पाहिजे. पण त्या रागापोटी ब्रशही नाकारू नये.

आपल्या धम्माचा इतिहासही हातांनीच घडविला आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असे तिथला शिलालेख सांगतो. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर स्तूपाचे अवशेष आणि कोरलेले दगडी खांब सापडले. आपली किती मुले ते ठिकाण पाहून आली आहेत?

म्हणून पहिला धडा स्तूपाचाच घ्यावा. सांचीचा मोठा स्तूप सुमारे ३६ मीटर व्यासाचा व १६ मीटर उंच आहे. एका मीटरला एक सेंटीमीटर धरला, तर आपला स्तूप ३६ सेंटीमीटर रुंद आणि १६ सेंटीमीटर उंच होईल. हे प्रमाण मुलांनाच काढू द्यावे. १८ सेंटीमीटरची दोरी खिळ्याला बांधून पुठ्ठ्यावर वर्तुळ आखावे. आत तणसाचा घट्ट गोळा बांधावा, वरून मातीचा थर द्यावा. माती आधी वाळवून, चाळून, रात्रभर भिजवून चांगली मळावी. त्यात बारीक कापलेले तणीस मिसळले की तडे कमी जातात. उन्हात नव्हे, सावलीत वाळवावे. अंड, त्यावर हर्मिका, त्यावर छत्र, भोवती बांबूच्या कामट्यांचा कठडा. प्रत्येक भागाचे नाव मुलांनी चिठ्ठीवर लिहून लावावे.

दुसरा धडा कागदाचा. धम्मचक्राला ८ आरे, म्हणजे दोन आऱ्यांमध्ये ४५ अंश. राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राला २४ आरे, म्हणजे १५ अंश. फळ्यावर ज्या मुलाला कोन कळला नाही, त्याला चक्र कापताना तो कळतो. एक कोन चुकला की शेवटचा आरा बसतच नाही. आरा का बसला नाही, ते त्याचे त्यालाच शोधू द्यावे. पंचरंगी ध्वजाचे निळा, पिवळा, लाल, पांढरा, नारिंगी हे रंगही मुलांनी क्रमाने स्वतः चिकटवावेत.

खर्चाची भीती नको. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, रद्दी, मैद्याची खळ, नदीकाठची माती एवढे पुरे. आपल्या आया-आजी कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालीत आणि टोपल्या घडवीत. तीच विद्या आहे ही. आजीलाच एक दिवस शिकवायला बोलवा. जिला अक्षर येत नाही, ती त्या दिवशी नातवंडांची बाई होईल.

शिकविणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. मुलाच्या हातातून वस्तू घेऊन ती स्वतः सुबक करून देऊ नये. ओबडधोबड असो, त्याची असू द्यावी. आणि शेवटी प्रत्येकाला उभे करून, काय केले व कसे केले हे सांगायला लावावे. जे पोर वर्गात तोंड उघडत नाही, ते आपल्या हातच्या वस्तूबद्दल बोलू लागते.

शाळेकडेही मागणी करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असतील, तर कला आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. पालकसभेत हे विचारायला कुणाची भीती नको. ज्या मुलाला चित्राची गोडी आहे, त्याला कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसवावे. नागपूरचे सवी सावरकर चित्रकार झाले, दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकविते झाले. आपल्या वस्तीतूनही उद्या कुणी निघेल.

समाजबांधवांना आमची एवढीच विनंती आहे. रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक तास मुलांच्या हातांसाठी ठेवा. जे हात दुसऱ्याने सांगितलेले काम करीत आले, ते आता स्वतः ठरविलेले काम करू लागतील.

नमो बुद्धाय! जयभीम!