कोरा पडदा आणि दुसरे पुस्तक

लेखनसाधनांचा इतिहास हा बहुतांशी भर घालण्याचा इतिहास आहे. बोरूच्या जागी टाक आला, टाकाच्या जागी टंकयंत्र, टंकयंत्राच्या जागी संगणक. आणि संगणकावर पुन्हा नाना वळणांचे ठसे, रंग, कोष्टके आणि चुका दाखविणाऱ्या तांबड्या रेघा. वजाबाकीला प्रारंभ झाला तो अगदी अलीकडे. २००६ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी ‘रायटरूम’ नावाची एक आज्ञावली निघाली. ती सुरू केली की पडद्यावरील सर्व चिन्हे नाहीशी होत आणि काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे तेवढी उरत. तिच्या पाठोपाठ विंडोजवर ‘डार्करूम’ आली; पुढे ‘फोकसरायटर’, ‘ऑमरायटर’, ‘आयए रायटर’ अशी तिची भावंडे निघाली. यांतील काही चालू वाक्याखेरीज बाकीचा मजकूर फिकट करतात, काही चालू ओळ पडद्याच्या मध्यावर धरून ठेवतात, काही रोजच्या शब्दसंख्येचे उद्दिष्ट ठरवून देतात. ‘घोस्टरायटर’मध्ये तर खोडण्याची कळच बंद करण्याची सोय आहे. ही सर्व व्यत्ययरहित लेखनाची साधने होत. त्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे: लिहिणाऱ्याचे मन मुळात एकाग्रच असते, ते विचलित होते ते बाहेरच्या गोष्टींमुळे, तेव्हा बाहेरचे झाकले की लेखन आपोआप वाहू लागेल.

हे गृहीत सर्वत्र सारखेच लागू पडते काय, हा प्रश्न रायपूरच्या पुरानी बस्तीसारख्या ठिकाणी उभे राहून विचारला म्हणजे त्याचे उत्तर निराळे येते. दूधाधारी मठ आणि महामायेचे मंदिर यांच्या आसपासची ही रायपुरातील जुनी वस्ती. येथून जवळच तात्यापारा. १७५८ मध्ये बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास प्रत्यक्ष कारभार सुरू केल्यापासून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगढ या ना त्या प्रकारे भोसल्यांच्या सत्तेशी जोडलेला होता, आणि त्या काळापासून मराठी कुटुंबे या भागात नांदत आली आहेत. घरात मराठी, दारात छत्तीसगढी, शाळा-कचेरीत हिंदी अशी त्यांची त्रिविध भाषिक दिनचर्या असते. अशा घरातील जो कोणी आज मराठीत काही लिहू पाहतो, त्याच्यापुढे कोरा पडदा ठेवला तर त्याचा कोणता व्यत्यय दूर होतो आणि कोणता तसाच राहतो?

एकांत आणि लेखन यांचे नाते सांगताना मराठी मनाला प्रथम आठवते ते मंडालेचे कारागृह. लोकमान्य टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात अवघ्या काही महिन्यांत ‘गीतारहस्य’चा खर्डा तेथे पुरा केला. सुटे कागद मिळत नसत, बांधलेल्या व पृष्ठे मोजलेल्या वह्या मिळत. शाई मिळत नसे, शिसपेन मिळे. आजच्या आज्ञावल्या जे बंधन हौसेने विकत देतात ते तेथे सरकारने सक्तीने घातले होते, असे कोणास सहज म्हणता येईल. पण या साम्यात एक फसगत आहे. टिळकांना पुस्तके मिळत होती. एका वेळी किती ठेवू द्यावयाची यावर मध्यंतरी निर्बंध आला आणि पुढे तो सैल झाला. त्या निर्बंधाची दखल त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेत घेतली आहे. शिसपेनीने लिहिता येते. संस्कृत ग्रंथ, भाष्ये आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्राची पुस्तके जवळ नसती तर ‘गीतारहस्य’ लिहिता आले नसते. मंडालेच्या कोठडीत शांतता होती, पण टेबल कोरे नव्हते.

रायपूरच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे उदाहरण माधवराव सप्रे यांचे. जन्म १८७१ चा, मातृभाषा मराठी, लेखनाची भाषा हिंदी. १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढला, १९०७ मध्ये नागपुराहून ‘हिंदी केसरी’, आणि १९०८ मध्ये त्यांना अटक झाली. सुटकेनंतर ते सार्वजनिक जीवनातून बाजूला सरले, रामदासी परंपरेच्या आश्रयाला गेले आणि पुढे रायपुरात राहिले. व्यत्ययरहित लेखनाच्या पुरस्कर्त्यांना हवा तसा हा एकांत. त्यातून बाहेर आले ते काय? ‘दासबोधा’चे हिंदी भाषांतर, आणि १९१५ मध्ये मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर लवकरच ‘गीतारहस्या’चेही. चिंतामण विनायक वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचे हिंदी रूपही सप्र्यांचेच. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचा अंत झाला. ज्याला आधुनिक छत्तीसगढच्या वाङ्मयाचा एक आरंभबिंदू मानतात, त्या माणसाचे उत्तरायुष्यातील मोठे काम डावीकडे मराठी पुस्तक उघडे ठेवून उजवीकडे हिंदी लिहिण्याचे होते.

भाषांतरकाराला एकच पान पुरत नाही, ही गोष्ट इतकी साधी आहे की ती सांगण्याचीही गरज भासू नये. तथापि पडदाभर पसरलेल्या आज्ञावल्या रचणाऱ्यांच्या ती लक्षात आलेली दिसत नाही. त्यांच्या कल्पनेतील लेखक हा एकभाषिक आहे. जे लिहावयाचे ते त्याच्या आतूनच यावयाचे आहे. दुसरे पुस्तक, शब्दकोश, आधीचा खर्डा या सर्वांची गणना तेथे व्यत्ययात होते. मराठी ही ज्यांची घरची भाषा त्या गजानन माधव मुक्तिबोधांनी रायपूरपासून फार दूर नसलेल्या राजनांदगावी, दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत असताना, आपल्या दीर्घ हिंदी कविता पुन्हापुन्हा लिहिल्या. त्यांचे सहोदर शरच्चंद्र मराठीचे कवी. एकाच कवितेचे अनेक खर्डे शेजारी शेजारी असणे हा मुक्तिबोधांच्या लेखनपद्धतीचा भाग होता. चालू वाक्याखेरीज सारे फिकट करणारा पडदा अशा लेखकाला काय देईल, हे सांगणे कठीण. त्याच्याकडून काय काढून घेईल, हे सांगणे सोपे आहे.

आता खुद्द पडद्याकडे वळावे. हिरव्या अक्षरांचा काळा पडदा हे एका विशिष्ट काळाचे स्मरणचित्र आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांतील संगणकांचे पडदे तसे असत, आणि त्या काळाविषयीची ओढ या आज्ञावल्यांच्या रूपात उघड दिसते. परंतु ज्या काळाची ही ओढ आहे त्या काळी सामान्य संगणकाच्या पडद्यावर देवनागरीला जागाच नव्हती. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिपींसाठी जे काम १९८० च्या दशकात उभे राहिले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले, त्याने ही उणीव भरून काढली. संगणकात एक जादा कार्ड बसवावे तेव्हा मराठी अक्षर दिसावे, अशी ती अवस्था होती. इंग्रजी लेखकाला जो साधेपणाचा सुवर्णकाळ वाटतो तो मराठी लेखकाच्या दृष्टीने बहिष्काराचा काळ होता. जे साधे वाटते ते कोणाला साधे, हा प्रश्न येथे उपस्थित होतोच.

इंग्रजी टंकलेखकाची बोटे आणि अक्षरे यांचा संबंध टंकयंत्राच्या काळापासून ठरून गेलेला आहे. म्हणून त्याला कळफलक जाणवत नाही आणि उरलेला व्यत्यय तो पडद्यावर शोधतो. मराठी लेखकाचा व्यत्यय कळ आणि अक्षर यांच्यामध्येच बसलेला असतो. बहुतेक जण रोमन अक्षरांत लिहितात व यंत्र त्याचे देवनागरी करते. प्रत्येक शब्दापाशी पर्यायांची एक यादी उमटते, लेखक वाक्य सोडून यादी वाचू लागतो, आणि कोऱ्या पडद्याचे कोरेपण दर शब्दाला एकदा भंगते. रायपुरात यात आणखी भर पडते. तेथील संगणक आणि भ्रमणध्वनी देवनागरी म्हणजे हिंदी असे समजूनच जुळविलेले असतात. ‘नाही’ लिहावे तर ‘नहीं’ पुढे येते, ‘माझा’ लिहावे तर ‘मजा’. एकदोनदा दुरुस्ती केली जाते. दहाव्या वेळी लेखक थकतो आणि हिंदीतच लिहून मोकळा होतो. पुरानी बस्तीत मराठी लेखन थांबते ते पुष्कळदा असे, कोणत्याही वैचारिक निर्णयावाचून. दारावरची घंटा किंवा भ्रमणध्वनीची किणकिण यांपेक्षा हा व्यत्यय कितीतरी जास्त खोलवरचा आहे. आणि पडदा काळा केल्याने तो रेसभरही कमी होत नाही.

इन्स्क्रिप्ट कळफलक आत्मसात केलेल्याची गोष्ट वेगळी. तेथे ‘ल’च्या कळीवरच वरच्या अंगाला ‘ळ’ आहे, ‘र’च्या कळीवर ‘ऱ’ आहे; म्हणजे ‘तऱ्हा’ आणि ‘दुसऱ्या’ लिहिण्यासाठी कोणत्याही यादीकडे पाहावे लागत नाही. हे शिकण्यास काही आठवडे लागतात. एकाग्रतेसाठी पैसे मोजून आज्ञावली घेणाऱ्यांपैकी फार थोडे जण हे आठवडे खर्च करतात, याचे नवल वाटते.

खोडण्याची कळ बंद करण्याच्या सोयीचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. मागे वळू नये, पहिला खर्डा एका दमात संपवावा, हा तिचा हेतू. आणि तो वाईट म्हणता येणार नाही. पण रोमन लिपीत एक कळ म्हणजे एक अक्षर. देवनागरीत तसे नाही. ‘लक्ष्मी’ या शब्दात डोळ्यांना दोनच अक्षरे दिसतात. यंत्राच्या लेखी ते सात संकेत असतात. त्यांतील शेवटची वेलांटी चुकली तर इंग्रजी लेखकाप्रमाणे ‘राहू दे, नंतर पाहू’ असे म्हणता येते. मधला हलन्त राहिला तर मात्र शब्दच विस्कटतो. जेथे जोडाक्षर अर्ध्यावर असतानाच मागे वळण्याचा अधिकार जातो, तेथे शिस्तीचे रूपांतर छळात होते.

मराठीत लेखनाच्या बाह्यांगाचा विचार झालाच नाही असे मात्र नाही. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. अक्षर वाटोळे व सुटे असावे, ओळी सरळ असाव्यात, आरंभीचे वळण शेवटपर्यंत टिकावे, तरुणपणी इतके बारीक लिहू नये की म्हातारपणी ते कामास येणार नाही, पानाच्या कडेला जागा सोडावी, असा तेथील उपदेश आहे. एकांताची महती सांगणाऱ्या रामदासांनी लेखनाच्या प्रकरणात एकांताहून अधिक शब्द शाई, लेखण्या आणि समास यांवर खर्च केले, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. त्यांच्या दृष्टीपुढे लिहिणारा होता तसाच वाचणाराही होता; प्रत हातोहात फिरणार, कडा झिजणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. आजच्या आज्ञावल्यांतही पानाच्या दोन्ही बाजूंस ऐसपैस जागा सोडलेली असते, पण त्या जागेत काही लिहिता येत नाही. टीप नाही, पाठभेद नाही, ‘हा शब्द तपासावा’ अशी खूण नाही. समास दिसतो, त्याचे काम गेले आहे.

या आज्ञावल्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. दोन खोल्यांच्या घरात, मुलांचे पाठांतर आणि शेजारचे भजन यांच्यामध्ये बसून जो लिहितो, त्याला निदान पडद्यापुरती निरव जागा मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. ललित गद्याच्या पहिल्या खर्ड्यासाठी ‘फोकसरायटर’सारखे विनामूल्य साधन खरोखरच उपकारक ठरते. परस्थ मराठी लेखक हा सदैव भाषांतरकारच असतो असेही नाही. त्यालाही कधी केवळ आपल्याच आवाजाशी एकटे राहावेसे वाटते. पण त्या आवाजातच दोन-तीन भाषा नांदत असतात, आणि त्या एकमेकींना ऐकू येत राहणे हेच अशा लेखनाचे भांडवल असते.

म्हणून पुरानी बस्तीतील लेखकाला साधन निवडावयाचे असेल तर वजाबाकी कोठे करावयाची हे त्याने आधी ठरवावे. पत्रे, बातम्या, संदेश खुशाल जावेत. हिंदीकडे ढकलणारी यंत्राची सवय जावी. त्यासाठी संगणकाची भाषा मराठी करून इन्स्क्रिप्ट जुळवावा आणि मराठीचा मुक्त शब्दकोश बसवून घ्यावा. पडद्याचा अर्धा भाग मात्र दुसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवावा. शब्दकोशाच्या बाबतीतही सावध राहणे बरे. तो पुण्या-मुंबईच्या लिखित मराठीवर आधारलेला असणार. ‘तात्या’ हे मराठी संबोधन, ‘पारा’ हा मोहल्ल्याला छत्तीसगढी शब्द. दोहोंच्या संयोगातून झालेल्या ‘तात्यापारा’ या नावाखाली तो तांबडी रेघ ओढील, आणि तळ्याला कोणी सहज ‘तरिया’ म्हटले तर तेथेही ओढील. त्या रेघेखालचा शब्द बदलावयाचा की शब्दकोशात भरावयाचा, हा निर्णय यंत्रावर सोपवू नये.