गुंठ्याला शंभर लिटर

आमच्या गच्चीवर एक पत्र्याचा डबा आहे. पूर्वी त्यात बिस्किटं असायची. त्याच्या बाजू सरळ आहेत, तोंड आणि बूड एकाच मापाचं आहे, म्हणून तो पाऊस मोजायच्या कामी लागला. जून लागला की चार विटांच्या बेचक्यात तो उघड्यावर ठेवायचा आणि रोज सकाळी मुलाची शाळेतली जुनी पट्टी त्यात उभी धरायची. सोसायटीत यावरून माझी थट्टा होते. "काय काका, आज किती विकेट पडल्या?" असं विचारणारा एक तरी जिन्यात भेटतोच.

दोन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका सकाळी पट्टी बासष्ट मिलिमीटरपर्यंत ओली झाली होती. ते पाहून खाली उतरलो, तर फाटकात टँकर उभा. पालिकेची मुख्य पाइपलाइन फुटल्याने नळ दोन दिवस कोरडे होते आणि सेक्रेटरी पावती फाडून घेत होते. मी त्यांच्याच पेनाने पावतीच्या मागे हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. आमची गच्ची तीन हजार चौरस फूट, म्हणजे २७९ चौरस मीटर. त्याला गुणिले बासष्ट. उत्तर आलं सतरा हजार लिटरच्या वर. एवढं पाणी रात्रभर आमच्याच पाइपांतून गटारात गेलं होतं, आणि सकाळी आम्ही दहा हजार लिटरचे पैसे मोजत होतो.

त्या दिवसापासून माझं लोकांकडे एकच मागणं असतं. पेपरात, टीव्हीवर, मोबाइलवर मोठा आकडा दिसला की त्याला दारातच ताटकळत ठेवू नका, उंबऱ्याच्या आत घ्या. माणशी किती, दिवसाला किती, माझ्या गच्चीवर किती, एवढं विचारा. चौथीतला भागाकार पुरतो.

पावसाचंच आधी संपवतो. शेतकरी वाचकांनी एवढं पाठ करून ठेवावं: गुंठ्यावर एक मिलिमीटर म्हणजे शंभर लिटर. मग एकराला चार हजार. पंचवीस मिलिमीटरची एक चांगली सर एकरभर रानात लाखभर लिटर टाकून जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नुसतं '९४४' वाचून काही कळत नाही. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर तेवढा पाऊस म्हणजे सुमारे चव्वेचाळीस हजार लिटर, चार टँकर भरून उरतील इतकं पाणी एकेका लहान घराच्या डोक्यावर. आता 'तुंबलं' या शब्दाला वजन येतं.

धरणाच्या आकड्यांत तर भलेभले फसतात. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. हा आकडा विसरला तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते असं की माणशी रोज १३५ लिटर धरले तर एक टीएमसी पाणी पावणेसहा लाख लोकांना वर्षभर पुरतं. गळती आणि बाष्पीभवन वेगळं. आपल्या गावची वस्ती आणि धरणातले टीएमसी शेजारी ठेवून बघा, पिण्याच्या पाण्याला किती लागतं आणि बाकीचं कुठे जातं हा प्रश्न आपोआप समोर येतो.

२०२४च्या उन्हाळ्यात सोलापूरहून मावसभावाचा फोन आला. "दादा, उजनी मायनसमध्ये गेलीय. उणे साठ!" उणे साठ टक्के पाणी म्हणजे नक्की काय, हे ना त्याला सांगता येत होतं, ना मला. कागद घेऊन बसलो. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात धरतात, कारण ते कालव्याच्या तोंडाच्या खाली राहतं. वरचं साडेत्रेपन्न टीएमसी ते उपयुक्त. टक्केवारी फक्त या वरच्या पाण्याची. वरचं संपलं की शून्य टक्के, आणि मृतसाठ्यातून उपसायला लागलं की उणे. उणे साठ म्हणजे मृतसाठ्यातून बत्तीस टीएमसी गेलं, आणि कागदोपत्री अजून साडेएकतीस शिल्लक आहे. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्यांचा उपयुक्त साठा सव्वाएकोणतीस टीएमसीच्या पुढे जात नाही. म्हणजे 'उणे साठ' उजनीत त्या भरल्या चार धरणांपेक्षा जास्त पाणी होतं! यावर भाऊ म्हणाला, "मग आमचा ऊस का वाळतोय?" त्याचंही बरोबर होतं. त्या साठ्यात गाळ किती, हे तळाला हात घातल्याशिवाय कळत नाही, आणि जे पाणी आहे ते कालव्यात चढत नाही. टक्केवारी खोटी नव्हती. ती कशाची आहे, हे मात्र कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

पैशांचं गणित याहून सोपं, पण आपण तिथे जास्त दिपून जातो. लाख, कोटी, लाख कोटी हे शब्द कानाला एकाच घरातले वाटतात. घड्याळावर टाकून पाहा. एक लाख सेकंद म्हणजे सव्वा दिवसाला थोडे कमी. एक कोटी सेकंद म्हणजे जवळपास चार महिने. शंभर कोटी सेकंद म्हणजे एकतीस वर्षं आठ महिने. तेवढ्यात मूल जन्मून लग्नाला येतं. आणि लाख कोटी सेकंद? एकतीस हजार सातशे वर्षं. (इंग्रजी बातमीतला मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. घाईत लिहिलेल्या मराठी बातम्यांत इथे सर्रास घोळ होतो, तेव्हा वाचणाऱ्यानेच जागं राहावं.)

देशाची लोकसंख्या एकशे चाळीस कोटी धरली तर एक लाख कोटी रुपये म्हणजे माणशी सातशे रुपयांच्या थोडे वर. या एका मापाने अख्खा अर्थसंकल्प वाचता येतो. जुलै २०२४मध्ये मांडलेला केंद्राचा अर्थसंकल्प ४८.२१ लाख कोटींचा होता, म्हणजे माणशी वर्षाला साधारण साडेचौतीस हजार. त्यातले ११.६३ लाख कोटी जुन्या कर्जाच्या व्याजासाठी. माणशी आठ हजार तीनशे, दिवसाला तेवीस रुपये. पाळण्यातल्या बाळाच्या नावावरसुद्धा रोजचे तेवीस रुपये व्याज. यावर कुणी चिडावं की नाही हे मी सांगणार नाही. कर्ज काढून रस्ता झाला असेल तर तो रस्ताही हिशेबात धरायला हवा. पण चिडायचं असेल तर तेवीसवर चिडा, अकरा लाख कोटींवर चिडून हाती काही लागत नाही.

उलट्या बाजूनेही हेच माप लावा. 'राज्यासाठी हजार कोटींची योजना' असं व्यासपीठावरून कुणी म्हणालं की टाळ्या पडतात. महाराष्ट्र साडेबारा कोटींचा धरला तर माणशी ऐंशी रुपये होतात. दोन वडापाव, दोन कटिंग, आणि सुटे पैसे परत. योजना चांगली असेलही, थोड्याच लोकांसाठी असेल तर रक्कम भरपूरही असेल. म्हणून टाळी वाजवण्याआधी 'किती जणांसाठी?' एवढं विचारून घ्या.

आता भीतीचे आकडे. २०२२ साली महाराष्ट्रात रस्त्यांवरच्या अपघातांत १५,२२४ माणसं गेली. भागिले ३६५ करा, बेचाळीसच्या आसपास येतात. आपल्या साध्या लाल एसटीत जवळपास तेवढीच आसनं असतात. म्हणजे रोज एक भरलेली एसटी आणि तिच्यातलं कुणीच घरी पोचत नाही, असं वर्षभर. खरोखरची बस घाटात कोसळली तर मंत्री जातात, चौकशी बसते, पहिलं पान भरतं. ही बेचाळीस माणसं मात्र बेचाळीस वेगवेगळ्या वळणांवर जातात, म्हणून त्यांची बातमी तालुक्याच्या पानावर चार ओळींत आटोपते. देशात त्या वर्षी १,६८,४९१ जण गेले, तासाला एकोणीस. त्यांतले चव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. तुमच्या घरातलं कोण रोज दुचाकीवर जातं, आणि त्याचं हेल्मेट डोक्यावर असतं की हँडलला, हे बघायला कुठलं आकडेशास्त्र लागत नाही.

बिबट्या दिसला की गावभर मेसेज फिरतात. फिरावेत, काळजी घ्यायलाच हवी. पण २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेल्याचा संशोधकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यांतली, त्यात शेतात राबणारी फार. रात्री दारं धरायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरी आणि पायात बूट असले तर जेवढं राखलं जाईल, तेवढं कुठल्याही व्हिडिओने राखलं जाणार नाही.

'दुप्पट' हा शब्द ऐकला तर हात जोडून विचारा, कशाच्या दुप्पट? १९९५मध्ये ब्रिटनमध्ये औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बायका घाबरल्या, अनेकींनी गोळ्या सोडल्या. खरा हिशेब असा होता: जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजारांत एकीला गुठळी होत होती, नव्या गोळ्या घेणाऱ्या सात हजारांत दोघींना. 'दुप्पट' शब्दशः खरं होतं. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे तेरा हजार गर्भपात जास्त झाले, आणि गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी मेसेज वाचून बंद करू नका. त्यांनाच विचारा, "हजारात किती जणांना होतं?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

इतकं वाचून कुणी म्हणेल, हे सगळं शिकलेल्यांचं काम आहे. त्यांना मी गडचिरोलीचं सांगतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८मध्ये तिथल्या गावांतले बालमृत्यू मोजले तेव्हा हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे दर आठ बाळंतपणांमागे एका घरात रिकामी झोळी. न्यूमोनिया हे मोठं कारण होतं, आणि तो ओळखायची खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर ते धोक्यात आहे. पण गावातल्या सुइणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, घड्याळ येत नव्हतं. तेव्हा त्यांच्यासाठी एक साधं यंत्र बनवलं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटावर नजर ठेवायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मणी संपले आणि वाळू अजून पडतेय, म्हणजे औषध सुरू करायची वेळ झाली. पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी देखभाल करायला शिकवलं. २००३पर्यंत त्या गावांतला हजारी १२१चा आकडा तीसवर आला. २०२०च्या सरकारी नमुना पाहणीत अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा सोळा होता, बासष्ट जन्मांत एक.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने दहा-दहाच्या मण्यांनी बाळाचे श्वास मोजले. तेव्हा "आमचं गणित कच्चं आहे" हे कारण मी तरी कुणाचं ऐकून घेत नाही.

या महिन्यात एवढं करून बघा. घरातला सरळ बाजूंचा कुठलाही डबा घ्या, काचेची बरणी असेल तर उत्तम. भिंतीपासून, झाडापासून लांब ठेवा, नाहीतर वळचणीचं पाणी त्यात पडतं. जी पट्टी वापराल तिच्यावर टोकापासून शून्यापर्यंत मोकळी जागा असते, ती घासून काढा. मी दोन पावसाळे पाच मिलिमीटर कमीच मोजत होतो. आकडा कॅलेंडरवर दुधाच्या खुणांच्या शेजारी लिहा आणि खाली छपराचे लिटर. आमच्या सोसायटीने अशा तीन महिन्यांच्या नोंदी पाहून गच्चीचा एक पाइप गाळणी लावून खालच्या टाकीकडे वळवला. दुसरा वळवायचा की नाही यावर अजून भांडण चालू आहे. नोंद सकाळी साडेआठला घ्या, हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच संपतो, म्हणजे पेपरातल्या आकड्याशी ताडून बघता येईल. थोडाफार फरक पडणारच. आमच्या डब्यावर एक साळुंकी पाणी प्यायला येते, तिचं दीड मिलिमीटर मी धरत नाही.