इतिवृत्त वाचून कायम

त्यांनी इतिवृत्त लिहिले. बाकी सगळे नंतर. आधी एवढ्यावरच थांबायला हवे.

पेनसिल्व्हेनियातल्या स्वॉर्थमोर कॉलेजात मुलग्यांची दोन मंडळे होती, फाय साय आणि डेल्टा अप्सिलॉन. तिकडे त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात. दोघांची आवारात स्वतंत्र घरे. एप्रिल २०१९ मध्ये विद्यार्थ्यांच्याच दोन नियतकालिकांनी फाय सायच्या सभांच्या इतिवृत्ताचे कागद छापले. शंभराहून अधिक पाने, काळ २०१३ ते २०१६. मुलींबद्दल, कृष्णवर्णीयांबद्दल, समलिंगींबद्दल त्यात जे आहे ते इथे उतरवून घेण्याजोगे नाही. एक नमुना पुरे. शेजारच्या मंडळाच्या घरातला पोटमाळा त्यात ‘बलात्काराचा पोटमाळा’ म्हणून येतो. थट्टेत.

पार्टीत, प्यायल्यावर, पोरे काहीबाही बरळतात, ही सबब जुनी आहे. इथे ती लागू पडत नाही. बरळणे कोणी टिपून ठेवत नाही. इथे सभा भरली, कोणी तरी लिहायला बसले, लिहिलेले जपून ठेवले. पुढच्या वेळी पुन्हा लिहिले. असे काही वर्षे चालले. ज्याची लाज वाटते त्याची नोंद माणूस ठेवत नाही. हे कामकाज होते.

आणि हे कुठे? १८६४ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेल्या कॉलेजात. क्वेकरांच्या सभेत मतदान नसते. सगळ्यांना पटेल असे वाक्य सापडेपर्यंत ते बसतात, मग लिपिक ते लिहितो आणि सभेतच वाचून दाखवतो. इतिवृत्ताला इतके मानणारा दुसरा पंथ शोधून सापडायचा नाही.

कॉलेज लहान. सोळाशेच्या आसपास विद्यार्थी. दहा अर्जांमागे जेमतेम एकाला प्रवेश. म्हणजे आलेला प्रत्येक जण हुशार आणि प्रत्येक जण ओळखीचा. शनिवारी रात्री जायला जागा मोजक्याच होत्या, आणि त्यांत ही दोन घरे. जागा ज्याची, दारावर उभा तो, पेला भरणारा तो, दिवे मालवणाराही तोच. मुंबई-पुण्यासारख्या शहरात पार्टी आवडली नाही तर माणूस दुसरीकडे जातो. इथे दुसरीकडे म्हणजे आपली खोली.

त्या घरांत काय चालते, हे मुली कित्येक वर्षे सांगत होत्या. समित्या बसल्या, बैठका झाल्या, घरे चालूच राहिली. मुलींचे सांगणे ‘तक्रार’ ठरत होते. मुलांचे लिहिणे मात्र एका दिवसात ‘पुरावा’ ठरले. पाने छापून आली, विद्यार्थी फाय सायच्या घरात ठाण मांडून बसले आणि ३० एप्रिलला दोन्ही मंडळांनी स्वतःच विसर्जन जाहीर केले. पानांत नवे काय होते? मुली सांगत होत्या त्याला मुलांच्याच शब्दांत दुजोरा. तेवढ्यासाठी वाट पाहायची होती.

२०१९ मधले सभासद म्हणाले, हे आमच्या आधीचे आहे. असेल. आपल्याकडच्या कोणत्याही संस्थेच्या सभेत विषय क्रमांक एक ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. कायम करणे म्हणजे, असे घडले आणि ते आम्हांस मान्य आहे. घर तेच, नाव तेच, परंपरा अभिमानाने सांगायची तीच. फक्त फाइल आधीच्यांची, असे कसे?

हे कायम करणे मंडळांपुरतेही नाही. ती बंद करावीत का, यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे मत घेतले गेले होते. बहुमताने उत्तर आले, नको. ते मतदान २०१३ चे. कागदांतली सर्वांत जुनी पाने त्याच वर्षाची आहेत.