उरलेल्या कात्रणांचा हिशेब

सदऱ्यांवर नावे छापण्याचा गृहउद्योग जेथे चालतो, तेथे इस्त्रीने चिकटणाऱ्या व्हिनाइलची कात्रणे रोज साचतात. ती मातीत कुजत नाहीत. पीव्हीसीची कात्रणे जाळल्यास हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो. म्हणून त्यांना काडी कधीही लावू नये.

तळहाताएवढा तुकडा डब्याच्या सुती पिशवीवरील नावास पुरतो; त्याहून लहान तुकड्यांची पाने-फुले होतात. अक्षरे निस्तेज बाजूवर उलटी रेखाटून कापावीत व चिकटवताना पारदर्शक पापुद्रा वर ठेवावा. पापुद्रा सुटलेल्या तुकड्यांवर बटर पेपर अंथरावा. इस्त्री वाफेविना, न सरकवता, सुमारे 15 सेकंद दाबावी. आधी चिंधीवर चाचणी घ्यावी. नायलॉनवर हा प्रयोग टाळावा, ते वितळते. पहिली धुलाई 24 तासांनंतर, कापड उलटे करून करावी.

कात्रणे कापली त्याच दिवशी रंगवार डब्यांत ठेवावीत. कचऱ्यात गेलेल्या मालाचा तोटा वहीत दिसत नाही; पण त्याचे दाम आपणच मोजलेले असतात.