पणजोबांची नोंद, पणतू निरक्षर

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ मध्ये पनवेलजवळच्या शिरढोणात जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार, हे तेथील शाळकरी पोरही सांगेल. स्वतःच्या पणजोबांचे नाव मात्र किती घरांत ठाऊक असते? कुलवृत्तांत, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही तर आपलीच परंपरा! २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्हा प्रशासनांनी जुनी दप्तरे संकेतस्थळांवर ठेवली. पूर्वज घरबसल्या पडद्यावर आले. पण अनेक नोंदी मोडी लिपीत. ती जाणणारे इतके थोडे उरले की, शासनालाच त्यांना शोधून कामास लावावे लागले. सुट्टीत शाखाशाखांतून मोडीचे वर्ग भरविण्यास कोणाची परवानगी हवी आहे?